मंडईतल्या स्पीकरला कसं कळतं की पैसे आले? ॲप आणि डेटाबेसमधल्या कनेक्शनची गोष्ट

संध्याकाळची वेळ. पुण्यातल्या मंडई मेट्रो स्थानकातून वर आलं की दोन मिनिटांत तुम्ही भाजीच्या गाळ्यांसमोर असता. मेथीची एक जुडी, पाव किलो मिरची, थोडं आलं. हिशोब होतो ४० रुपये. भाजीवाल्या मावशी क्यूआर कोडकडे बोट दाखवतात. तुम्ही स्कॅन करता, पिन टाकता आणि स्क्रीनवर गोल फिरायला लागतो.

मावशी तुमच्या फोनकडे बघतही नाहीत. त्यांचा कान शेजारच्या छोट्या स्पीकरकडे असतो. "चाळीस रुपये मिळाले" असा आवाज आला की त्या पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात.

या दोन-तीन सेकंदांत नेमकं काय घडतं? पैसे तुमच्या फोनमध्ये नसतात आणि त्या स्पीकरमध्येही नसतात. तुमच्या खात्यात किती शिल्लक आहे, हे बँकेच्या डेटाबेसमध्ये लिहिलेलं असतं. तो कुठल्या तरी दुसऱ्याच शहरात असू शकतो. फोनमधलं ॲप फक्त विचारणा करतं. उत्तर येईपर्यंत गोल फिरत राहतो.

आज तुम्ही वापरता ते जवळपास प्रत्येक ॲप असंच चालतं. प्रोग्राम एकीकडे, माहिती दुसरीकडे आणि दोघांमध्ये एक कनेक्शन. हे कनेक्शन कसं जोडतात, ते का तुटतं आणि त्यात कुणी घुसलं तर काय होतं, हे समजून घेऊ.

माहिती ॲपमध्येच का ठेवत नाहीत?

याचं उत्तर मंडईच्याच इतिहासात आहे.

मंडईची अष्टकोनी दगडी इमारत १८८६ मध्ये उभी राहिली. तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं, मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. पुढे तिला महात्मा फुले यांचं नाव मिळालं. अनेक वर्षं घाऊक आणि किरकोळ असा दोन्ही व्यापार याच परिसरात चालायचा. शहर वाढलं, मालाच्या गाड्या वाढल्या आणि घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. मंडईत किरकोळ विक्री राहिली. आता विक्रेते पहाटे यार्डातून माल आणतात आणि दिवसभर मंडईत विकतात.

सॉफ्टवेअरमध्येही हेच झालं. छोट्या प्रोग्रामची माहिती त्याच कॉम्प्युटरवर एखाद्या फाइलमध्ये ठेवता येते. पण तीच माहिती हजारो लोकांना एकाच वेळी हवी असेल, रोज बदलत असेल आणि हरवून चालणार नसेल, तर तिच्यासाठी वेगळी जागा लागते. म्हणजे ॲप ही मंडई आणि डेटाबेस हे मार्केट यार्ड. एका यार्डातून अनेक बाजारांना माल जातो, तसा एका डेटाबेसमधून अनेक ॲपना माहिती जाते.

रिलेशनल डेटाबेस म्हणजे काय?

महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या वेबसाइटवर राज्यातल्या बाजार समित्यांचे रोजचे भाव मिळतात. तिथे एक तक्ता दिसतो. त्याचे रकाने साधारण असे: शेतमाल, जात किंवा प्रत, परिमाण, आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर. प्रत्येक ओळ म्हणजे एका दिवसाची, एका बाजारातली, एका मालाची नोंद.

रिलेशनल डेटाबेस म्हणजे अशा तक्त्यांचा संच. तक्ते एकमेकांशी जोडलेले असतात.

ते जोडायचे कशाला? याच भावांच्या यादीत 'पुणे', 'पुणे-पिंपरी', 'पुणे-खडकी' आणि 'पुणे-मोशी' असे वेगवेगळे बाजार असतात. प्रत्येक ओळीत बाजाराचं पूर्ण नाव, तालुका आणि जिल्हा लिहीत बसलं, तर कुणीतरी एकदा 'पुणे पिंपरी' लिहील आणि एकदा फक्त 'पिंपरी'. कॉम्प्युटरला ते दोन वेगळे बाजार वाटतील. म्हणून बाजारांचा एक वेगळा तक्ता करतात, प्रत्येक बाजाराला एक क्रमांक देतात आणि भावाच्या तक्त्यात फक्त तो क्रमांक लिहितात. नाव बदललं तर एकाच जागी बदलायचं.

ही कल्पना मांडली आयबीएम कंपनीतले संशोधक एडगर कॉड यांनी, १९७० मध्ये. अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी आयबीएममध्येच एक भाषा तयार झाली. तीच आजची एसक्यूएल. पन्नास वर्षं उलटून गेली, तरी बँका, रेल्वे आणि सरकारी कार्यालयांचा कारभार मोठ्या प्रमाणावर याच पद्धतीवर चालतो.

प्रोग्राम डेटाबेसला जोडायचा कसा?

समजा, पुण्यातल्या एखाद्या कॉलेजच्या विद्यार्थिनीला एक छोटा प्रोग्राम लिहायचा आहे. मंडईत भाजी घेताना मार्केट यार्डातला आजचा भाव फोनवर दिसावा, एवढंच त्याचं काम. ती पायथन भाषेत प्रोग्राम लिहिते. भावांचे तक्ते मात्र दुसऱ्या मशीनवरच्या पोस्टग्रेसक्यूएल डेटाबेसमध्ये आहेत. तिथपर्यंत पोहोचायला तिला पाच गोष्टी लागतील.

१. पत्ता: डेटाबेस कोणत्या मशीनवर आहे. याला होस्ट म्हणतात.

२. पोर्ट: त्या मशीनवरचा कोणता दरवाजा ठोठवायचा. मंडईची इमारत एकच, पण गाळे अनेक, तसंच हे. पोस्टग्रेसक्यूएल सहसा ५४३२ क्रमांकाच्या पोर्टवर असतो, मायएसक्यूएल ३३०६ वर, ओरॅकल १५२१ वर आणि मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर १४३३ वर.

३. डेटाबेसचं नाव: एकाच सर्व्हरवर अनेक डेटाबेस असू शकतात. त्यातला हवा तो.

४. युजरनेम: कोण आलंय.

५. पासवर्ड: ते खरंच तेच आहे का.

याशिवाय एक दुभाषा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. पायथनला पोस्टग्रेसक्यूएलची बोली कळत नाही, त्यामुळे दोघांच्या मधे ड्रायव्हर उभा राहतो. पूर्वी प्रत्येक भाषा आणि प्रत्येक डेटाबेस यांच्या जोडीसाठी वेगळी खटपट करावी लागायची. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ओडीबीसी आणलं आणि १९९७ मध्ये जावा भाषेसाठी जेडीबीसी आलं. त्यामुळे प्रोग्राम लिहिण्याची पद्धत बरीचशी सारखी राहिली आणि डेटाबेस बदलला तर मुख्यतः ड्रायव्हर बदलायचा, असं झालं. पायथननेही स्वतःचा असाच एक नियम ठरवलेला आहे.

पुढचे टप्पे ठरलेले असतात. कनेक्शन उघडा, प्रश्न पाठवा, उत्तर घ्या, बदल केला असेल तर तो पक्का करा आणि कनेक्शन बंद करा.

प्रश्न विचारण्याची पद्धतही सोपी असते. 'सिलेक्ट' म्हणजे काय हवंय, 'फ्रॉम' म्हणजे कोणत्या तक्त्यातून आणि 'व्हेअर' म्हणजे कोणत्या अटीवर. या विद्यार्थिनीचा प्रश्न मराठीत असा होईल: सर्वसाधारण दर दे, भावांच्या तक्त्यातून, जिथे बाजार पुणे आहे, माल टोमॅटो आहे आणि तारीख आजची आहे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. हे दर बहुतेक वेळा क्विंटलचे, म्हणजे १०० किलोचे असतात. किलोचा भाव काढायला १०० ने भागायचं. आणि हा घाऊक भाव असतो. त्यात वाहतूक, हमाली, नासाडी आणि विक्रेत्याची मेहनत मिळवली की मंडईतला भाव होतो. आकडा दाखवून मावशींशी वाद घालण्यासाठी हे ॲप नाही!

फोन थेट डेटाबेसशी बोलतो का?

नाही, आणि बोलूही नये. हजारो फोनमध्ये डेटाबेसचा पासवर्ड ठेवला, तर तो कुणीही ॲप उघडून काढून घेईल. त्यामुळे मधे एक सर्व्हर असतो. फोन सर्व्हरला विनंती करतो, सर्व्हर डेटाबेसला विचारतो. डेटाबेसची चावी फक्त सर्व्हरकडे राहते.

यूपीआयमध्ये तर आणखी टप्पे आहेत. तुमच्या ॲपकडून विनंती निघते आणि एनपीसीआय, म्हणजे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यंत्रणेतून तुमच्या बँकेकडे जाते. तिथे पैसे वजा होतात. मग मावशींच्या बँकेत ते जमा होतात. प्रत्येक बँक आपापल्या डेटाबेसमध्ये नोंद करते. त्यानंतर स्पीकरला निरोप जातो. बहुतेक स्पीकरमध्ये स्वतःचं सिमकार्ड असतं ते यासाठीच.

पैसे कापले गेले, पण पोहोचले नाहीत. असं का होतं?

एकाच डेटाबेसमध्ये दोन नोंदी करायच्या असतील तर 'ट्रान्झॅक्शन' नावाची सोय असते. एका खात्यातून ४० वजा आणि दुसऱ्यात ४० जमा, ही दोन्ही कामं एकत्र बांधली जातात. दोन्ही झाली तर 'कमिट', म्हणजे पक्कं. मधेच वीज गेली किंवा कनेक्शन तुटलं तर 'रोलबॅक', म्हणजे सगळं पूर्ववत. अर्धवट काहीच राहत नाही.

यूपीआयमध्ये मात्र दोन बँकांचे दोन वेगळे डेटाबेस असतात. एकाने पैसे वजा केले आणि त्याच क्षणी मधला निरोप हरवला, तर पैसे अडकल्यासारखे दिसतात. ते शोधून उलट नोंद करावी लागते.

यासाठी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये मुदत घालून दिली. यूपीआयने व्यक्तीला पाठवलेले पैसे कापले गेले पण पोहोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत यायला हवेत. दुकानदाराला केलेलं पेमेंट असेल तर ५ दिवसांत. त्याहून उशीर झाला तर ग्राहकाला दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. त्यामुळे 'प्रोसेसिंग' दिसत असेल तर घाईने पुन्हा पैसे पाठवू नका. आधी खात्याची नोंद बघा.

कनेक्शन का तुटतं?

पहिल्यांदा डेटाबेस जोडणाऱ्या प्रत्येकाला काही ठरावीक एरर भेटतात. त्यांचा अर्थ कळला तर अर्धं काम होतं.

'कनेक्शन रिफ्यूज्ड': मशीन सापडलं, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. डेटाबेस बंद असेल किंवा पोर्ट चुकला असेल. पोस्टग्रेसक्यूएल नवीन बसवल्यावर फक्त स्वतःच्याच मशीनवरच्या विनंत्या ऐकतो, बाहेरच्या नाही. बाहेरून जोडायचं असेल तर तसं मुद्दाम सांगावं लागतं.

'टाइमआउट': वाट बघून बघून उत्तरच आलं नाही. पत्ता चुकलेला असतो, नाहीतर मधल्या फायरवॉलने विनंती अडवलेली असते.

'ऑथेंटिकेशन फेल्ड': दार उघडलं, पण युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा आहे.

'टू मेनी कनेक्शन्स': आत जागा नाही. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये मूळ सेटिंगनुसार एका वेळी जास्तीत जास्त १०० कनेक्शन उघडता येतात.

या शेवटच्या अडचणीवर चांगला उपाय आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंडईत झेंडू घ्यायला झुंबड उडते. प्रत्येक टोपलीसाठी नवा हमाल शोधत बसलं तर काम होणार नाही. आधीच दहा हमाल ठरवायचे आणि ज्याचे हात रिकामे होतील त्याला पुढची टोपली द्यायची. डेटाबेसच्या भाषेत याला 'कनेक्शन पूल' म्हणतात. मोजकी कनेक्शन उघडी ठेवायची आणि तीच आलटूनपालटून वापरायची.

चावी कुठे ठेवलीय?

कनेक्शन तुटलं तर गैरसोय होते. कनेक्शनची चावी भलत्याच्या हाती लागली तर मोठं नुकसान होतं.

अनेकजण घाईत पासवर्ड थेट प्रोग्रामच्या कोडमध्ये लिहितात. मग तोच कोड गिटहबसारख्या साइटवर टाकतात. उबर कंपनीला हे चांगलंच महागात पडलं. २०१६ मध्ये हल्लेखोर तिच्या इंजिनीअरच्या गिटहबवरच्या खासगी कोडपर्यंत पोहोचले. तिथे त्यांना क्लाउडवरच्या माहितीसाठ्याची चावी सापडली. जगभरातल्या ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि ड्रायव्हरांची माहिती त्यांच्या हाती लागली. कंपनीने हे जाहीर केलं ते वर्षभरानंतर, नोव्हेंबर २०१७ मध्ये.

म्हणून पासवर्ड कोडमध्ये लिहायचा नाही. तो सर्व्हरच्या सेटिंगमध्ये वेगळा ठेवायचा.

दुसरा धोका 'एसक्यूएल इंजेक्शन'चा. वापरणाऱ्याने शोधपट्टीत 'टोमॅटो' लिहावं अशी अपेक्षा असते. तिथे कुणी 'टोमॅटो'च्या पुढे 'किंवा १ बरोबर १' अशा अर्थाचा एसक्यूएलचा तुकडा चिकटवला आणि प्रोग्रामने तो जसाच्या तसा डेटाबेसला पाठवला, तर काय होईल? १ बरोबर १ हे नेहमीच खरं असतं. मग डेटाबेस अटच विसरतो आणि सगळा तक्ता समोर ओततो. यावर उपाय म्हणजे प्रश्न आणि वापरणाऱ्याने लिहिलेला मजकूर ड्रायव्हरकडे वेगवेगळे द्यायचे. मग तो मजकूर निव्वळ शब्द म्हणून वाचला जातो, हुकूम म्हणून नाही.

तिसरी खबरदारी म्हणजे हवा तेवढाच अधिकार. भाव फक्त दाखवायचे असतील तर त्या ॲपच्या युजरला वाचण्याचीच परवानगी द्या. तक्ता पुसण्याची नको.

पुण्यात ९४ कोटी गेले ते कसे?

आता समजा, चावी कुणाकडे गेली नाही आणि डेटाबेसलाही कुणी हात लावला नाही. तरी पैसे जाऊ शकतात का?

पुण्यात हे घडलं आहे. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. कॉसमॉस या पुण्यातल्या जुन्या सहकारी बँकेची बनावट डेबिट कार्डं वापरून २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. परदेशात सुमारे १२ हजार व्यवहारांतून ७८ कोटी आणि भारतात रुपे कार्डांच्या सुमारे २,८०० व्यवहारांतून अडीच कोटी रुपये गेले. दोन दिवसांनी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट यंत्रणेतून आणखी १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण आकडा ९४ कोटींच्या वर गेला.

एटीएममध्ये कार्ड टाकलं की विनंती 'स्विच' नावाच्या यंत्रणेकडे जाते. स्विच बँकेच्या मुख्य प्रणालीला विचारतो: हे कार्ड खरं आहे का, खात्यात पैसे आहेत का? उत्तर 'हो' आलं तरच पैसे मिळतात. हल्लेखोरांनी मालवेअर घुसवून या वाटेवर आपला एक नकली स्विच उभा केला. विनंत्या बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत गेल्याच नाहीत. नकली स्विचच प्रत्येक विनंतीला 'हो' म्हणत राहिला.

आपल्या मुख्य प्रणालीला आणि ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागलेला नाही, असं बँकेने तेव्हा स्पष्ट केलं होतं. पण खाती तपासायला कुणी गेलंच नव्हतं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातल्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवलं.

डेटाबेस कितीही मजबूत असला तरी उत्तर खरंच त्याच्याकडून आलंय का, हे तपासणंही तितकंच गरजेचं असतं. म्हणूनच चांगल्या कनेक्शनमध्ये दोन गोष्टी असतात. मधला मजकूर एन्क्रिप्ट केलेला असतो, म्हणजे कुणाला वाचता किंवा बदलता येऊ नये असा बंद केलेला असतो. आणि प्रोग्राम सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासतो, म्हणजे समोरचा खरंच तोच आहे ना हे बघतो. अनेक नवशिके एरर येते म्हणून ही तपासणी बंद करून टाकतात. ॲप चालायला लागतं, पण समोर कोण आहे हे कळण्याचा मार्गही बंद होतो.

मावशी फोनकडे का बघत नाहीत?

आता पुन्हा मंडईत येऊ. तुमच्या स्क्रीनवर हिरवी खूण आली आणि तुम्ही फोन पुढे केला, तरी मावशी स्पीकरची वाट बघतात. काहींना ते उगाच वाटतं. पण पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून किंवा हुबेहूब दिसणारं नकली ॲप वापरून विक्रेत्यांना फसवण्याचे प्रकार होतात. गिऱ्हाइकाची स्क्रीन काहीही दाखवू शकते. पैसे आले की नाही, ते मावशींच्या खात्याची नोंदच सांगू शकते आणि स्पीकर तिथून आलेला निरोप वाचून दाखवतो.

तुम्ही दुकान चालवत असाल तर हाच नियम पाळा. समोरच्याची स्क्रीन बघून माल देऊ नका, आपल्या बँकेचा निरोप येऊ द्या. तुम्ही ॲप बनवत असाल तर कनेक्शन जोडलं की थांबू नका. चावी कुठे आहे, अधिकार किती दिलाय आणि उत्तर कोण देतंय, हे तीन प्रश्न विचारा.

आणि तुम्ही फक्त भाजी घ्यायला गेला असाल, तर स्पीकर बोलेपर्यंत दोन सेकंद थांबा. तेवढ्या वेळात दोन बँकांच्या डेटाबेसमध्ये तुमच्या ४० रुपयांची नोंद होत असते.